संपाची बातमी आणि दंगलीची बातमी

(शाखा-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात रेल्वे कामगार संघटनेच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून महागाई भत्ता, पेन्शन, रिकाम्या जागा आणि बदल्या यांवर बोलणे झाले. मला दिलेला विषय वेगळा आहे : दंगली आणि वर्तमानपत्रे. चहाच्या सुट्टीत एकदोन साथींनी विचारलेही, "याचा आपल्या युनियनशी काय संबंध?" संबंध आहे, आणि तो सांगण्यासाठीच मी उभा आहे.

वर्तमानपत्र ही वस्तू आपल्याला परकी नाही. वर्षानुवर्षे त्याचे गठ्ठे आपण ब्रेकव्हॅनमध्ये चढवले आणि उतरवले. आरएमएसच्या साथींनी धावत्या गाडीत त्यांची वर्गवारी केली. पोस्टमन साथींनी ती सवलतीच्या टपालदरात खेड्यापाड्यांत पोहोचवली. छापणारे दुसरे आणि वाचणारे दुसरे, पण मधला रस्ता आपल्या खांद्यावरून गेला.

आणि वर्तमानपत्रे आपल्याविषयी काय लिहितात, हेही आपण जाणतो. ८ मे १९७४ रोजी रेल्वेचा देशव्यापी संप सुरू झाला आणि जवळजवळ वीस दिवस चालला. माझ्या पिढीने तो पाहिला नाही, आम्ही लहान होतो. पण ज्यांनी तुरुंग भोगला, नोकऱ्या गमावल्या, क्वार्टरमधले सामान रस्त्यावर आलेले पाहिले, त्यांच्या तोंडून तो संप ऐकत आम्ही युनियनमध्ये आलो. ते सांगत, यार्डात चिटपाखरू नसायचे आणि पेपरात छापून यायचे की वाहतूक सुरळीत होत आहे. प्रवाशांचे हाल पहिल्या पानावर, आणि बोनसची व आठ तासांच्या कामाची मागणी आत कुठेतरी.

म्हणून संपाची बातमी आली की आपण ती तोलूनमापून वाचतो. ही माहिती कोणी दिली, आपल्या माणसाला विचारले का, आकडा कोणाचा, हे सगळे आपल्याला लगेच दिसते. पण तोच आपला साथी दुसऱ्या दिवशी त्याच पेपरात दंगलीची बातमी वाचतो आणि डोळे मिटून विश्वास ठेवतो. आपल्या संपाविषयी ज्या पेपरचे खरे मानत नाही, त्याच पेपरचे शेजाऱ्याविषयी मात्र खरे मानतो! हे असे का होते, हा माझा आजचा प्रश्न आहे.

पहिले उदाहरण कामगारांचेच घेतो, म्हणजे ओळख पटेल. इंग्लंडमध्ये १९८४-८५ साली कोळसा खाणी बंद करण्याच्या धोरणाविरुद्ध खाण कामगारांचा मोठा संप झाला. १८ जून १९८४ रोजी दक्षिण यॉर्कशायरमधल्या ऑरग्रीव्ह येथील कोक कारखान्यापुढे हजारो संपकरी जमले होते. समोर हजारो पोलीस. घोडेस्वार पोलीस कामगारांवर चालून गेले, लाठ्या चालल्या, डोकी फुटली. त्या संध्याकाळी बीबीसीच्या बातम्यांत चित्रे दिसली ती अशी : आधी कामगार दगड मारत आहेत आणि मग घोडदळ चालून जात आहे. पाहणाऱ्याने काय समजायचे? कामगारांनी दंगल केली आणि पोलिसांना नाइलाजाने घोडे सोडावे लागले. पुढे बीबीसीनेच मान्य केले, की घाईगर्दीत चित्रांचा क्रम अनवधानाने उलटा लागला होता. पण हे मान्य केले १९९१ साली. तोवर संप मोडून सहा वर्षे झाली होती.

त्या दिवसाबद्दल ९५ कामगारांवर दंगल आणि बेकायदा जमाव असे गंभीर गुन्हे लावले गेले. १९८५ साली पोलिसांची साक्ष टिकली नाही आणि खटले कोसळले. १९९१ साली पोलिसांनी ३९ कामगारांना मिळून ४ लाख २५ हजार पौंड भरपाई दिली. पण संपूर्ण चौकशी जाहीर होण्यासाठी २०२५ साल उजाडावे लागले.

यात लक्षात ठेवण्यासारखी एक गोष्ट आहे. त्या चित्रांतले एकही चित्र खोटे नव्हते. दगड खरे होते, घोडेही खरे होते. फक्त आधीचे मागे आणि मागचे आधी झाले. दंगलीच्या बातमीत पहिली मेख इथेच असते : गोष्ट कुठून सुरू करायची? जिथून सुरू कराल त्यावर गुन्हेगार ठरतो.

आता अमेरिकेत शिकागोला चला. २७ जुलै १९१९ रोजी मिशिगन सरोवरात पोहणारा सतरा वर्षांचा एक काळा मुलगा गोऱ्यांच्या समजल्या जाणाऱ्या किनाऱ्याकडे गेला. काठावरून दगड आले आणि तो बुडून मेला. पोलिसांनी दगड मारणाऱ्याला अटक केली नाही आणि शहर पेटले. दंगलीत एकूण ३८ माणसे मेली : २३ काळी आणि १५ गोरी. नंतर गोरे सहा आणि काळे सहा असा बारा सभासदांचा आयोग नेमला गेला. त्याने १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात वर्तमानपत्रांचीही झडती घेतली. दंगल भरात असताना तिथल्या एका मोठ्या दैनिकाने छापले होते, की आतापर्यंत वीस मेले, त्यांत तेरा गोरे आणि सात काळे. प्रत्यक्षात नेमके उलटे होते. तेरा काळे होते आणि सात गोरे.

एकूण बेरीज बरोबर, फक्त रकाने बदललेले! आपल्यापैकी जे हिशेब खात्यात आहेत त्यांनी विचार करावा, की या चुकीची किंमत काय? आपले जास्त मेले असे वाचून गोरा माणूस घरी स्वस्थ बसेल का? तो म्हणेल, अजून सहा बाकी आहेत. दंगलीत मृतांचा आकडा नुसती माहिती राहत नाही, तो लोकांच्या डोक्यात उधारीची वही होऊन बसतो. म्हणून चुकीचा आकडा छापणे हे आगीत तेल ओतणेच आहे.

त्याच देशात १९६७ साली डेट्रॉईट आणि इतर शहरांत मोठे दंगे झाले. एकट्या डेट्रॉईटमध्ये ४३ माणसे मेली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी एक आयोग नेमला. केर्नर आयोग म्हणून तो ओळखला जातो. १९६८ च्या त्याच्या अहवालात वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाणी यांच्यावर वेगळे प्रकरण आहे. डेट्रॉईटमध्ये २० ते ५० कोटी डॉलरचे नुकसान झाले असे आरंभी छापले गेले होते. आयोगापुढे जो जास्तीत जास्त अंदाज आला तो साडेचार कोटींचा होता. म्हणजे राईचा पर्वत झाला.

पण आयोगाचे खरे बोट दुसऱ्याच जागी होते. त्याने म्हटले, की ही वृत्तपत्रे जगाकडे गोऱ्या माणसाच्या नजरेने पाहतात. वस्तीतली बेकारी, मोडकी घरे, पोलिसांचा जाच हे वर्षानुवर्षे बातमीत येत नाही. वस्ती पेटली की मग सगळे कॅमेरे तिकडे धावतात. असे का? वृत्तपत्र-व्यवसायात संपादकीय कामावरच्या माणसांत काळे लोक पाच टक्क्यांहून कमी आणि संपादक व वरिष्ठ जागांवर एक टक्क्याहून कमी, असे आयोगाने नोंदवले. ज्या खोलीत बातमी लिहिली जाते, त्या खोलीत त्या वस्तीतला कोणी बसलेलाच नव्हता. आपल्याकडे बातम्यांच्या खोलीत किती दलित, किती मुसलमान, किती आदिवासी, किती कामगारांची मुले बसतात, हा प्रश्न आपण कधी विचारला आहे का?

आता कोणी म्हणेल, परदेशातले सांगणे सोपे असते. बरोबर आहे. म्हणून घरी येऊ या.

१९९० साली अयोध्येच्या प्रश्नावरून उत्तर प्रदेश पेटला होता. त्या काळातल्या वार्तांकनाबद्दल प्रेस कौन्सिलने चार हिंदी दैनिकांना बेजबाबदारपणाबद्दल दोषी धरले. त्याच वर्षी डिसेंबरात अलीगढमध्ये दंगल झाली आणि काही पत्रांनी छापले, की विद्यापीठाच्या रुग्णालयात हिंदू रुग्णांना मारण्यात आले. ही बातमी साफ खोटी निघाली. जरा विचार करा. रुग्णालय ही एकच जागा अशी, जिथे दंगलीतही दोन्ही बाजूंचे जखमी शेजारी शेजारी पडलेले असतात. तिथेच खुनाची बातमी छापली, तर जखमीने जायचे कुठे?

मग मुंबई, डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या आयोगाने पाच वर्षे काम करून फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार दोन्ही वेळच्या दंगलींत मिळून ९०० माणसे मेली : ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ ओळख न पटलेली आणि ५ इतर. जानेवारीच्या सुरुवातीला माथाडी कामगारांचे खून झाले. ते आपल्यासारखेच घाम गाळणारे कामगार होते. ७ जानेवारीच्या रात्री जोगेश्वरीत राधाबाई चाळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चाळीत एक घर पेटवले गेले आणि सहा हिंदू माणसे जळून मेली, त्यांत पाच स्त्रिया होत्या. या घटना खऱ्या आणि भयंकर होत्या. आयोगाने त्या लपवल्या नाहीत. पण याच घटनांची अतिरंजित वर्णने छापून लोकांना चिथावल्याबद्दल 'सामना' आणि 'नवाकाळ' या दोन मराठी दैनिकांचे नाव घेऊन त्याने ठपका ठेवला. मराठी, म्हणजे आपल्या भाषेतल्या, आपण रोज वाचतो त्या दैनिकांवर.

खरी बातमीसुद्धा अशी विषारी होऊ शकते. एका बाजूच्या मेलेल्याला नाव असते, घर असते, रडणारी आई असते. दुसऱ्या बाजूचा मेलेला नुसता आकडा असतो. त्याच्या दारात वार्ताहर गेलेलाच नसतो.

त्याच अहवालातला आणखी एक हिशेब सांगतो. त्या ९०० पैकी ३५६ माणसे पोलिसांच्या गोळीबारात मेली आणि ३४७ भोसकून मारली गेली. आगीत ९१, जमावाच्या हल्ल्यात ८०, खाजगी गोळीबारात २२ आणि इतर कारणांनी ४. म्हणजे सगळ्यात मोठा रकाना पोलिसांच्या गोळीचा आहे. आता आपल्या पेपरांतले वाक्य आठवा : 'जमाव पांगवण्यासाठी पोलिसांना गोळीबार करावा लागला.' जमाव दगडफेक 'करतो', आणि पोलिसांना गोळीबार 'करावा लागतो'. मराठीत या 'लागला' शब्दात अख्खा निकाल देऊन टाकलेला असतो. गोळी कमरेखाली मारली की छातीत, आधी इशारा दिला की नाही, काहीच विचारायचे उरत नाही. हेच वाक्य आपल्या मोर्चाबद्दलही छापले जाते. तेव्हा आपण चिडतो. दंगलीत ते वाचून पान उलटतो.

२००२ साली गुजरातमध्ये २७ फेब्रुवारीला गोध्र्याला साबरमती एक्स्प्रेसच्या एस-६ डब्यात ५९ माणसे मेली आणि त्यानंतर राज्यभर कत्तली झाल्या. एडिटर्स गिल्डचे, म्हणजे संपादकांच्याच संस्थेचे, पथक तिथे गेले. मे २००२ मधल्या अहवालात त्याने दोन मोठ्या गुजराती दैनिकांच्या भडक आणि पक्षपाती बातम्यांवर ठपका ठेवला. बातम्या भडक, खुलासे बारीक, हेच पुन्हा झाले होते.

काही पत्रे दुसऱ्या टोकाला जातात आणि त्याला निःपक्षपातीपणा म्हणतात. 'दोन गटांत दंगल', 'टाळी एका हाताने वाजत नाही' असे लिहून मोकळे होतात. कधी दोन गट भांडतातही. पण जिथे एक बाजू घरे जाळत असते आणि दुसरी जळत असते, तिथे 'दोन गट' म्हणणे हे खोटेच आहे. मालकाने टाळे लावले आणि पेपरने 'मालक-कामगार वाद' छापला, तर आपल्याला ते खरे वाटते का?

आता एक गोष्ट माझीच सांगतो. सांगायला जड जाते, पण दुसऱ्याच्या चुका मोजणाऱ्याने आपलीही मोजली पाहिजे.

जानेवारी १९९३ मध्ये मी मुंबईत एका शेडमध्ये खलाशी होतो, बाविशीतला. जेवणाच्या सुट्टीत पेपर मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे असे, कारण आवाज मोठा आणि मी मॅट्रिक झालेला. स्टेशनांवर माणसे बोचकी घेऊन शहर सोडून जात होती. एका दुपारी मी बातमी वाचली, की अमुक वस्तीत शस्त्रांचा साठा आला आहे आणि रात्री हल्ला होणार आहे. बातमीत दोन ठिकाणी 'असे समजते' होते. वाचताना मी ते शब्द गाळले. मुद्दाम गाळले असे नाही. त्यांच्याशिवाय वाक्य जोरदार वाटले म्हणून गाळले. समोरच्या बाकावर आमचे जुने फिटर बसले होते. मुसलमान होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. पाना कसा धरायचा हे त्यांनीच मला शिकवले. आणि ती वस्ती त्यांची होती. ते काही बोलले नाहीत. अर्धा चहा तसाच ठेवून उठले. दुसऱ्या दिवसापासून कामावर आले नाहीत. महिन्याने आले ते बदलीचा अर्ज घेऊन.

चार दिवसांनी त्याच पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या, की पोलिसांनी झडती घेतली, काही सापडले नाही. मी त्या वाचल्या. पण मोठ्याने वाचल्या नाहीत. वाचून दाखव असे मला कोणी म्हटलेही नाही.

तीस वर्षांहून अधिक काळ हे माझ्या मनात आहे. पेपरने चूक केली, हे खरे. पण त्या कॅन्टीनमध्ये पेपर मी होतो. माझ्या भाषणाच्या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. संपाच्या बातमीत आपण स्वतः असतो, म्हणून खोटे लगेच दिसते. दंगलीच्या बातमीत दुसरा असतो आणि त्याच्याविषयी मनात आधीच थोडे काही असते. पेपर ते फक्त छापून देतो. मग आपल्याला वाटते, मी म्हणत होतो तेच खरे निघाले.

आज ही जबाबदारी जास्त वाढली आहे, कारण आता प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या मोबाईलवरच्या अफवेतून भिक्षुकी करणाऱ्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. जुलै २०२४ मध्ये इंग्लंडात साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला. मारेकरी समुद्रमार्गे आलेला मुसलमान निर्वासित आहे असे खोटेच नाव लावून पसरवले गेले. तो प्रत्यक्षात ब्रिटनमध्येच जन्मलेला होता. खरे कळेपर्यंत मशिदीवर हल्ला झाला होता आणि दंगे इतर शहरांत पसरले. वर्तमानपत्राला निदान संपादक असतो, पत्ता असतो. पुढे ढकललेल्या निरोपाला तोही नसतो.

सगळे पत्रकार वाईट, असे मी म्हणत नाही. गणेश शंकर विद्यार्थी हे कानपूरच्या 'प्रताप'चे संपादक होते. गिरणी कामगारांच्या बाजूने त्यांनी लेखणी चालवली. मार्च १९३१ मध्ये कानपुरात हिंदू-मुसलमान दंगल पेटली, तेव्हा ते कचेरीत बसून राहिले नाहीत. दोन्ही धर्मांच्या माणसांना वाचवत गल्लोगल्ली फिरले आणि त्यातच मारले गेले. ऑरग्रीव्हचे सत्य, शिकागोचा खरा आकडा, मुंबईचा हिशेब हेही चिकाटीच्या माणसांमुळेच बाहेर आले.

मग आपण काय करायचे? फार मोठे काही सांगत नाही. दंगलीची बातमी वाचताना संपाच्या बातमीला विचारतो तेच प्रश्न विचारा. गोष्ट कुठून सुरू केली आहे? सांगणारा कोण आहे, की नुसते 'समजते' आहे? दोन्ही बाजूंच्या दारात वार्ताहर गेला होता का? कोणी 'केले' आणि कोणाला 'करावे लागले'? कालच्या बातमीचा आज खुलासा आहे का, आणि कोणत्या पानावर?

दुसरे, युनियनच्या फलकावर दंगलीचे कात्रण लागता कामा नये. ज्या शेडमध्ये, ज्या सॉर्टिंग ऑफिसात तणाव आहे, तिथल्या शाखेने त्या दिवशी दोन्ही समाजांच्या साथींना एकत्र बसवून चहा घ्यावा आणि घरी जाताना जोडीने सोडावे. आपले सभासद रजिस्टर धर्म विचारत नाही, हे सांगण्याचा दिवस तोच असतो.

तिसरे, तक्रार करा. आधी संपादकाला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर प्रेस कौन्सिलकडे जा. दैनिकाच्या बाबतीत छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते. १९७८ च्या कायद्याने कौन्सिलला फक्त समज देण्याचा, ठपका ठेवण्याचा अधिकार आहे, दंड करण्याचा नाही. तरीही करा. ठपका कागदावर राहतो आणि पुढच्या चौकशीला उपयोगी पडतो. आपल्या एखाद्या साथीवर अन्याय झाला तर आपण अर्जावर अर्ज करतोच ना? मग शेजारच्या वस्तीसाठी एक अर्ज जड नाही.

आणि शेवटचे, हे मी माझ्या अनुभवावरून सांगतो. कॅन्टीनमध्ये, रनिंग रूममध्ये, टपाल कचेरीत पेपर मोठ्याने वाचणारा एकतरी साथी प्रत्येक ठिकाणी असतोच. त्याने 'असे समजते' हे शब्द गाळू नयेत. आणि चार दिवसांनी आतल्या पानावर जो चार ओळींचा खुलासा येतो, तोही त्याने तेवढ्याच मोठ्या आवाजात वाचावा.

कामगार एकजुटीचा विजय असो!